टुंड्रावर सळई, डबा आणि वही : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात अलास्कातल्या टुलिक संशोधन केंद्रावर पदवीचे विद्यार्थी उन्हाळ्यात काय काम करतात, यावर एक छोटी टीप होती. तिच्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. थंडीबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय, म्हणून ते आधीच सांगून टाकतो. टुलिकला जुलैचं सरासरी तापमान दहा-अकरा अंश सेल्सिअस असतं. ऊन पडलं तर शर्टावर काम होतं, आणि त्याच आठवड्यात बर्फही पडू शकतो. आता पुढचे प्रश्न.

सांगलीत बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. मला टुलिकला जाता येईल का? नसेल तर दुसरी वाट कोणती?

थेट जाणं अवघड आहे. टुलिक केंद्र १९७५ पासून ब्रूक्स पर्वतरांगेच्या उत्तरेला आहे आणि ते युनिव्हर्सिटी ऑफ अलास्का फेअरबँक्स चालवते. तिथे येणारे पदवीचे विद्यार्थी बहुतेक अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या ‘आरईयू’ योजनेतून येतात. या योजनेचं विद्यावेतन फक्त अमेरिकी नागरिकांना आणि तिथल्या कायम रहिवाशांना मिळतं. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर शिकणारी आपली मुलंही त्यात बसत नाहीत. मात्र एखाद्या प्राध्यापकाकडे वेगळा निधी असेल, तर ते क्षेत्रसहायक म्हणून घेऊ शकतात. तशी संधी आली तर होकार कळवण्याआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात कामाच्या परवानगीचं विचारून घ्यावं.

दुसरी वाट स्वालबार्डची, म्हणजे नॉर्वेच्या ताब्यातल्या आर्क्टिक बेटांची. तिथल्या लाँगइयरब्येन गावात १९९३ पासून ‘युनिस’ हे विद्यापीठ केंद्र आहे. शिकवणं इंग्रजीतून होतं आणि पदवी पातळीचे अभ्यासक्रम आहेत. दुसऱ्या विद्यापीठात नाव नोंदलेलं असावं लागतं आणि विज्ञानाचा पाया झालेला असावा लागतो. तिथे ‘सगळं फुकट’ असल्याची माहिती इंटरनेटवर अजून फिरते आहे, तिच्यावर विसंबू नका. युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी नॉर्वेने शुल्काचे नियम २०२३ पासून बदलले, तेव्हा त्या-त्या वर्षाचे नियम पाहूनच अर्ज करा. व्हिसाचीही एक गंमत आहे. स्वालबार्डला जायला व्हिसा लागत नाही, पण विमान नॉर्वेहून जातं आणि नॉर्वे शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या प्रदेशात आहे. स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर असल्याने तिथे गेलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात असं धरतात. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा घेतला असेल तर परतीला अडकायला होतं. किमान दोन प्रवेशांचा व्हिसा मागून घ्या.

भारताचं स्वतःचं ‘हिमाद्री’ केंद्र स्वालबार्डमध्येच, नी-ऑलेसुंडला, १ जुलै २००८ पासून आहे. त्याचा कारभार गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. तिथे जाण्यासाठी संशोधकांनी प्रस्ताव द्यायचे असतात, त्यामुळे पदवीच्या वर्षांत स्वतःच्या नावाने जाणं जवळपास अशक्य. वास्कोच्या संस्थेच्या इंटर्नशिपच्या सूचनांवर मात्र लक्ष ठेवा.

आणखी एक मार्ग आहे, तो लोक कमी लेखतात. टुलिक परिसरातल्या दीर्घकालीन प्रयोगांच्या नोंदी आणि उन्हाळ्यात जमीन किती खोल वितळते त्याच्या (वितळ-खोलीच्या) जगभरच्या नोंदी कुणालाही मोफत उतरवून घेता येतात. सांगलीत बसून त्यातल्या एका प्रश्नावर नीट काम केलंत, तर पुढे अर्ज करताना ‘मला ध्रुवीय प्रदेशाची आवड आहे’ या वाक्यापेक्षा त्याचं वजन जास्त पडेल.

वितळलेल्या जमिनीची खोली सळई खुपसून मोजतात असं वाचलं. एवढं सोपं असेल तर त्यात शिकण्यासारखं काय? (नाशिक)

सळई खुपसायला पाच मिनिटांत शिकता येतं. मिळालेला आकडा नेमका कशाचा आहे हे कळायला मात्र उन्हाळा जातो.

पर्माफ्रॉस्ट, म्हणजे सलग दोन वर्षं किंवा जास्त काळ शून्य अंशाखाली राहिलेली जमीन, खाली शेकडो मीटरपर्यंत असते. तिच्यावरचा थर दर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. टुलिकच्या आसपास ऑगस्टअखेर हा थर साधारण अर्ध्या मीटरच्या आसपास असतो. ओली जागा, कोरडी जागा, शेवाळाची जाडी यांप्रमाणे तो बराच बदलतो. मोजायला करंगळीएवढ्या जाडीची, वर आडवी मूठ असलेली, सेंटिमीटरच्या खुणा केलेली पोलादी सळई वापरतात. लांबी एक ते दीड मीटर.

पद्धत अशी. ठरलेल्या बिंदूवर सळई उभी धरायची, तिरकी नाही. सावकाश दाबत न्यायची. गोठलेला थर लागला की हाताला एकदम बोथट, ठाम अडथळा जाणवतो. दगड लागला तर वेगळंच कळतं : धातू घासल्याचा कर्कश आवाज येतो आणि हाताला झिणझिण्या येतात. अशा वेळी पाच-दहा सेंटिमीटर बाजूला सरकून पुन्हा खुपसायचं. अडथळ्याला टेकलेल्या सळईवर जिथे जमिनीची पातळी येते तिथे बोट धरायचं, सळई उपसायची आणि वाचायचं. वितळ-खोली मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय ‘काम’ (CALM) जाळ्याच्या नमुनेदार चौकटीत १०० मीटर बाजूच्या चौरसात १०-१० मीटरवर बिंदू असतात, म्हणजे ११ गुणिले ११, एकूण १२१. प्रत्येक बिंदूवर दोनदा खुपसून सरासरी घेतात.

आता चुका. पहिली, ‘जमिनीची पातळी’ म्हणजे नेमकी कोणती? टुंड्रावर दहा-पंधरा सेंटिमीटर जाडीचा शेवाळाचा गादीसारखा थर सर्रास असतो. बिंदूच्या जवळ पाय ठेवलात तर तो दबतो आणि खोली दोन-तीन सेंटिमीटरने कमी येते. एकाने शेवाळाच्या माथ्यापासून मोजलं आणि दुसऱ्याने हिरवा भाग दाबून मोजलं, तर दोघांच्या आकड्यांतला फरक दहा वर्षांच्या हवामानबदलापेक्षा मोठा निघतो. शेवाळाचा माथा धरायचा की दाबून धरायचं, हे पहिल्या दिवशी ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं. शक्य असेल तर एका जाळ्यावर उन्हाळाभर एकाच माणसाने सळई धरायची.

दुसरी चूक तारखेची. विद्यार्थी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परततात आणि वितळणं त्यानंतरही चालू राहतं. त्यामुळे तुमचा आकडा हा ‘त्या तारखेची वितळ-खोली’ असतो. वर्षातली कमाल खोली वेगळी, ती ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला मिळते. अंदाज मात्र बांधता येतो, कारण खोली ढोबळमानाने उष्णतेच्या बेरजेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. शून्याच्या वरच्या दैनिक सरासरी तापमानांची बेरीज करत जायची. समजा, जुलैच्या मध्याला ही बेरीज ४०० आहे आणि खोली ३० सेंटिमीटर. ४०० चं वर्गमूळ २०, म्हणून गुणक दीड. हंगामाअखेर बेरीज ९०० झाली, तर वर्गमूळ ३० आणि अंदाजे खोली ४५ सेंटिमीटर. गुणक जागेप्रमाणे बदलतो. ओल्या खोलगट भागाचा गुणक कोरड्या कड्यावर लावायचा नाही.

तिसरी गोष्ट चूक नाही, पण तिच्यामुळे भलेभले फसतात. जमिनीत बर्फाचे जाड थर असतील तर ते वितळल्यावर पाणी निघून जातं आणि पृष्ठभागच खचतो. समजा, दहा वर्षांपूर्वी खोली ५० होती आणि आजही ५० आहे. कागदावर काहीच बदललं नाही. पण दरम्यान पृष्ठभाग १० सेंटिमीटर खाली गेला असेल, तर पर्माफ्रॉस्टचा माथाही १० सेंटिमीटर खाली गेलेला असतो. सळईला हे दिसत नाही, कारण ती पृष्ठभागापासूनच मोजते. म्हणून जिथे बर्फ जास्त आहे तिथे सळईच्या जोडीला अचूक जीपीएसने किंवा खोल रोवलेल्या स्थिर खांबापासून पृष्ठभागाची उंची मोजावी लागते. ‘खोलीत वाढ नाही, म्हणजे पर्माफ्रॉस्ट सुरक्षित’ असा निष्कर्ष पोस्टरवर लिहिण्याआधी हे तपासलंय का, असं परीक्षक विचारतातच.

कार्बन डायऑक्साइडचा प्रवाह डब्याने मोजतात म्हणजे नक्की काय? हिशेब उदाहरणासह समजावून द्याल का? मी पदार्थविज्ञान शिकवतो. (लातूर)

आनंदाने. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा तळ नसलेला डबा जमिनीवर बसवायचा, आत छोटा पंखा फिरता ठेवायचा आणि आतली हवा नळीने अवरक्त किरणांवर चालणाऱ्या वायू-विश्लेषकातून फिरवून परत डब्यात सोडायची. दर सेकंदाला कार्बन डायऑक्साइड किती पीपीएमने (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) बदलतो ते नोंदायचं. उजेडात झाडं वायू घेत असतात आणि झाडं, मुळं, जंतू तो सोडतही असतात. म्हणून जे मिळतं ते दोन्हींतला फरक, म्हणजे निव्वळ प्रवाह. मग डबा उचलून हवा मोकळी करायची, पुन्हा बसवून वर काळं कापड टाकायचं. आता प्रकाशसंश्लेषण बंद, फक्त श्वसन उरतं. निव्वळ प्रवाहातून श्वसन वजा केलं की प्रकाशसंश्लेषण मिळतं.

सूत्र : प्रवाह = हवेची मोलर घनता × (डब्याचं घनफळ ÷ तळाचं क्षेत्रफळ) × दर सेकंदाचा बदल.

डबा ७० गुणिले ७० सेंटिमीटर, उंची २५ सेंटिमीटर धरा. घनफळ भागिले क्षेत्रफळ म्हणजे इथे उंचीच, ०.२५ मीटर. टुलिक समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटरवर असल्याने हवेचा दाब साधारण ९३० हेक्टोपास्कल. तापमान १० अंश असेल तर आदर्श वायू समीकरणाने मोलर घनता येते ३९.५ मोल प्रति घनमीटर. काळ्या कापडाखाली एका मिनिटात १२ पीपीएम वाढले, म्हणजे सेकंदाला ०.२. मग श्वसन = ३९.५ × ०.२५ × ०.२ = सुमारे २ मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद. उजेडात मिनिटात १८ पीपीएम घटले, म्हणजे सेकंदाला उणे ०.३, निव्वळ प्रवाह सुमारे उणे ३. म्हणून प्रकाशसंश्लेषण उणे ५. उणे म्हणजे हवेतून जमिनीकडे, ही खूण कोष्टकाच्या डोक्यावरच लिहा. विद्यार्थ्यांच्या अहवालांत सर्वांत जास्त गोंधळ याच चिन्हाचा असतो.

हिशेब शाळकरी आहे, डबा बसवणं मात्र शाळकरी नाही. टुंड्राची जमीन सपाट नसते. कापूसगवताचे गुडघ्याएवढे झुबके आणि त्यांच्यामधले खोलगट पाणथळ भाग, असा तिचा प्रकार. काही गट डब्यासाठी जमिनीत कडं रोवतात. ते आधीच रोवून ठेवावं लागतं, कारण रोवताना मुळं कापली जातात आणि ताज्या जखमेचा वायू तुमच्या आकड्यात येतो. कडं रोवायचं नसेल तर डब्याला खाली प्लास्टिकचा रुंद घेर लावतात आणि त्यावर जड साखळी टाकतात, म्हणजे तो खाचाखळग्यांत दाबून बसतो. आमचा कौल साखळीला. मुळं शाबूत राहतात आणि दिवसाला जास्त चौकटी, म्हणजे मोजायचे जमिनीचे तुकडे, होतात.

पण मग आतली खरी उंची २५ राहत नाही. डबा ज्या सांगाड्यावर टेकतो त्याच्यावर दोऱ्यांची जाळी ताणून तीसएक ठिकाणी दोरीपासून जमिनीपर्यंत पट्टीने मोजायचं आणि सरासरी डब्याच्या उंचीत मिळवायची. खरी सरासरी ३० असताना तुम्ही २५ धरलीत, तर खरा प्रवाह तुमच्या आकड्यापेक्षा २० टक्के जास्त असतो. ही चूक वाईट, कारण ती आलेखात दिसत नाही. रेषा सरळच येते.

गळती ओळखण्यासाठी सकाळी निघण्याआधी डबा सपाट प्लास्टिकवर ठेवून आत एक फुंकर मारावी. आकडा वर जाऊन स्थिर राहिला तर ठीक, घसरत राहिला तर कुठलातरी सांधा सुटलाय. फुंकर इथेच मारायची, प्रत्यक्ष मोजणीच्या जागी नाही. उच्छ्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळपास शंभरपट. डब्यावर वाकून कुणी वाऱ्याच्या दिशेने बोलत बसलं तर ते आकड्यात दिसतं. वारा डब्याकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला माणसांनी बसावं.

डबा ठेवल्यावर पहिली दहा-वीस सेकंदं फेकून द्या. बसवताना दाबाचा हिसका बसतो आणि जमिनीतली हवा बाहेर येते. त्यानंतरचं पाऊण ते एक मिनिट वापरा. जास्त वेळ ठेवू नका : उन्हात डबा तापतो, आतून दव धरतं, आतलं बाष्प वाढून वायूचं प्रमाण पातळ होतं, आणि झाडं कमी होत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडवर हळू काम करू लागतात, त्यामुळे रेषा वाकते. मध्येच ढग आला तर ते मोजमाप रद्द. त्यासाठी डब्यात प्रकाशमापक हवाच. आणि हो, डासही आत शिरतात. श्वसनाच्या आकड्यात त्यांचा वाटा नगण्य. मोजणाऱ्याच्या मनःस्थितीत मात्र बराच असतो.

उत्तरेकडे झुडपं वाढताहेत, टुंड्रा हिरवा होतोय असं उपग्रह सांगतात. मग तो जास्त कार्बन शोषेल ना? ही चांगली बातमी का धरत नाहीत? (ठाणे)

कारण टुंड्राचा बहुतेक कार्बन झाडांत नाही, जमिनीत आहे. उत्तरेच्या पर्माफ्रॉस्ट प्रदेशातल्या मातीत सुमारे १,४६० ते १,६०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन असल्याचा अंदाज आहे. वातावरणात आहे त्याच्या जवळपास दुप्पट. वरची झुडपं त्यापुढे पातळ साय.

टुलिकजवळ १९८१ मध्ये सुरू झालेल्या एका प्रयोगात टुंड्राला दर वर्षी प्रति चौरस मीटर १० ग्रॅम नायट्रोजन आणि ५ ग्रॅम फॉस्फरस दिलं गेलं. तापलेल्या मातीत कुजणं वाढलं की झाडांना खाद्य जास्त मिळेल, ही त्यामागची कल्पना. बुटक्या बर्चची झुडपं माजली, कापूसगवत मागे पडलं, जमिनीवरची वाढ ठळकपणे वाढली. पण वीस वर्षांनी खोलवरची माती तपासली तेव्हा एकूण हिशेबात प्रति चौरस मीटर सुमारे २,००० ग्रॅम कार्बन गेलेला होता. २००४ मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि ‘हिरवं म्हणजे फायद्याचं’ हे समीकरण मोडलं.

तेवढ्यावर ‘तापमान वाढलं की कार्बन जाणारच’ असंही म्हणू नये. खत घालणं आणि गरम करणं वेगळं. १९८९ पासून तिथेच प्लास्टिकच्या हरितगृहांखाली गरम ठेवलेल्या चौकटींत दोन दशकांनी मातीतल्या एकूण कार्बनमध्ये निव्वळ फरक सापडला नाही. वरच्या झाडांत आणि मातीतल्या जंतूंच्या कामात मात्र बदल होते. दोन्ही प्रयोग खरे आहेत आणि दोन्ही एकत्रच वाचले पाहिजेत.

शिवाय आग. २००७ मध्ये अनाक्तुवुक नदीच्या परिसरात सुमारे १,००० चौरस किलोमीटर टुंड्रा जळाला आणि एका हंगामात सुमारे २१ लाख टन कार्बन हवेत गेला. उपग्रहाच्या चित्रात अशा जागा काही वर्षांत पुन्हा हिरव्या दिसतात.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. ते येतात जूनमध्ये, जातात ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमके झाडं कार्बन ओढून घेत असतानाचे दिवस. सप्टेंबरनंतर वरून गोठत येतं, पण मधला थर शून्य अंशाच्या आसपास कित्येक आठवडे रेंगाळतो आणि जंतूंचं काम चालूच राहतं. उन्हाळ्याचा आकडा बाराने गुणून वर्षाचा ताळेबंद मांडणाऱ्या पोस्टरांपासून सावध राहा.

मी इलिनॉयमध्ये शिकतोय. यंदा टुलिकला नऊ आठवडे मिळालेत. मार्गदर्शक म्हणतात, ‘प्रश्न तूच निवड.’ कसा निवडू?

लहान निवडा. नऊपैकी पहिला आठवडा सुरक्षा प्रशिक्षणात आणि उपकरणं ओळखण्यात जातो, शेवटचे दोन विश्लेषणात आणि पोस्टरमध्ये. उरलेल्या सहांत पाऊस, वारा, बिघडलेले पंप. प्रत्यक्ष मोजमापाचे दिवस तीसच्या आसपास धरा, त्याहून जास्त नाही. दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस नुसती चाचणी करा : एका चौकटीला किती मिनिटं लागतात, एकाच चौकटीवर दोनदा मोजलं तर किती फरक येतो. हा फरक तुम्ही शोधत असलेल्या परिणामापेक्षा मोठा असेल तर प्रश्न तिथेच बदला. पाचव्या आठवड्यात बदलून उपयोग नाही.

सर्वांत मोठा सापळा खोट्या पुनरावृत्तीचा. एका गरम केलेल्या चौकटीत वीस ठिकाणी मोजलंत आणि एका साध्या चौकटीत वीस ठिकाणी, तर तुमचा नमुना वीसचा होत नाही, एकाचाच होतो; कारण गरम करणं एकदाच घडलंय. चार ब्लॉक, म्हणजे तोच प्रयोग स्वतंत्रपणे केलेल्या चार जागा, असतील तर नमुना चारचा. प्रत्येक ब्लॉकमधल्या वाचनांची आधी सरासरी घ्या, किंवा ब्लॉकला सांख्यिकी प्रारूपात जागा द्या. चार कमी वाटतात खरे, पण म्हणूनच मोठा, ढळढळीत परिणाम दिसेल असा प्रश्न हवा.

दोन जागांची तुलना करणार असाल तर आणखी दोन गोष्टी बघा. त्या परिसरात वेगवेगळ्या काळात हिमनद्या येऊन गेल्या. इटकिलिक काळातली जमीन तुलनेने नवी, सागावानिर्कटोक काळातली कितीतरी जुनी. मातीची आम्लता आणि झाडं त्यानुसार बदलतात. तापमानाचा फरक शोधतोय असं तुम्हाला वाटत असतं आणि सापडतो तो भूगर्भीय वयाचा फरक. दुसरं म्हणजे केंद्राजवळून जाणारा डाल्टन हायवे बराचसा खडीचा आहे. ट्रकमागून उडणारी धूळ रस्त्यालगतच्या मातीची आम्लता कमी करते आणि धुळीने काळवंडलेला बर्फ तिथे आधी वितळतो. मोजणी सोयीची म्हणून रस्त्याकाठची चौकट घेऊ नका.

माझी मुलगी अमेरिकेत शिकते, ती यंदा अलास्काला निघाली आहे. अस्वलं, एकटेपणा, दवाखाना नाही… तिला जाऊ द्यावं का? (कोल्हापूर)

जाऊ द्या, तयारीनिशी. टुलिक समुद्रापासून आत असल्याने तिथला प्रश्न तपकिरी ग्रिझली अस्वलांचा; पांढरी ध्रुवीय अस्वलं स्वालबार्डची काळजी, आणि तिथे वस्तीबाहेर पाऊल टाकण्याआधी विद्यार्थ्यांना बंदुकीपर्यंतचं प्रशिक्षण देतात. टुलिकला जोडीने फिरणं, निघताना फळ्यावर जागा आणि परतीची वेळ लिहिणं, रेडिओ आणि अस्वलाचा फवारा जवळ ठेवणं, एवढं पाळलं की भागतं. खरी भीती घोटा मुरगळण्याची. त्या झुबक्यांवरून चालणं पायांची परीक्षा पाहतं. मोठा दवाखाना फेअरबँक्सला, बऱ्याचशा खडीच्या रस्त्याने सुमारे ६०० किलोमीटर. म्हणून दातांची तपासणी आणि नेहमीच्या औषधांचा पूर्ण हंगामाचा साठा जाण्याआधीच उरकावा.

बॅगेत जीन्स आणि सुती बनियन नकोत, ओले झाले की वाळत नाहीत आणि पाच अंशांच्या वाऱ्यात अंगातली ऊब घालवतात. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे, पावसाळी जोड, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, डोक्यावरची डासजाळी. जूनमध्ये सूर्य मावळतच नाही, तेव्हा डोळ्यांवरची पट्टीही द्या. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी गाळून किंवा उकळूनच प्यायचं. डासांसाठी डीईईटी चालतं, पण ते प्लास्टिक विरघळवतं : घड्याळाची काच, चष्म्याची चौकट, उपकरणांची बटणं. पाण्याचे नमुने घेणाऱ्या हातांवर तर ते अजिबात नको, कारण पाण्यातला सेंद्रिय कार्बन मोजताना तेच मोजलं जाईल. आधी हात धुवायचे, मग नवे हातमोजे, मग बाटली नमुन्याच्याच पाण्याने तीनदा खंगाळायची.

आमच्या कॉलेजात यातलं काही शिकवता येईल का? महागडं विश्लेषक परवडणार नाही. (पुणे, शिक्षिका)

येईल, आणि जूनच्या पहिल्या पावसाच्या आसपास केलंत तर उत्तम. ४० गुणिले २५ सेंटिमीटर तळाचा, २० सेंटिमीटर उंच पारदर्शक प्लास्टिकचा डबा पालथा घाला. कडेने जाड प्लास्टिकचा घेर चिकटवा आणि वर वाळू भरलेली सायकलची जुनी ट्यूब ठेवा, झाली साखळीची सोय. आत संगणकाचा छोटा पंखा आणि अवरक्त तत्त्वावरचा कार्बन डायऑक्साइड संवेदक.

संवेदक घेताना दोन गोष्टी तपासा. ‘ई-सीओटू’ लिहिलेले स्वस्त संवेदक कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत. इतर वायूंवरून अंदाज छापतात. ते घेऊ नका. आणि अवरक्त संवेदकात बहुधा आपोआप शून्यस्थान जुळवण्याची सोय चालू असते. काही दिवसांतला सर्वांत कमी आकडा म्हणजे ४०० पीपीएम असं तो गृहीत धरतो आणि स्वतःला सरकवतो. प्रयोगाआधी ती बंद करा.

संवेदकाची अचूकता ३० पीपीएमची असली तरी घाबरू नका, आपल्याला उतार हवा आहे, मूळ आकडा नको. पुण्यात २८ अंशांना हवेची मोलर घनता सुमारे ३७.७. मातीचं श्वसन ४ मायक्रोमोल असेल, तर या डब्यात मिनिटाला सुमारे ३२ पीपीएम वाढ दिसायला हवी. पाच मिनिटांत १६०. हे साधा संवेदकही पकडतो. काळं कापड टाकूनच मोजा, नाहीतर आत गवत असेल तर दोन गोष्टी मिसळतील.

कोरड्या मातीवर पावसाआधी आठवडाभर रोज एकाच वेळी, त्याच चार जागांवर मोजा. पहिली सर आली की त्याच दिवशी आणि पुढचे तीन-चार दिवस पुन्हा. सुकलेली माती भिजली की जंतूंचं श्वसन एकदम उसळतं आणि मग ओसरतं. विद्यार्थ्यांना हा चढउतार स्वतःच्या आलेखात मिळायला हवा. न मिळाल्यास आधी घेराची गळती तपासा, मग जागा : रोज पाणी घातलेल्या बागेतल्या वाफ्यात उसळी दिसणार नाही.